दहा टाकले, चौदा निघाले

गांडूळ ही आमच्याकडे शिवी आहे,
कणा नसलेल्या माणसाला द्यायची.
इथे डलूथमध्ये, सरोवरापासून दोन गल्ल्या वर,
एका तळघरात
मी पगार घेते तो त्यांची नाडी मोजण्याचा.

पाण्यातली गांडुळं. काळसर, शिवणाच्या दोऱ्याएवढी,
कातडी इतकी पातळ
की भिंगाखाली रक्त सरकताना दिसतं
शेपटाकडून डोक्याकडे, एकेक ठोका.
मिनिटाला अकरा. मिनिटाला नऊ.
विष घातलेल्या भांड्यात चार, मग तीन,
मग आपणच श्वास धरून बसतो.

डोक्याला टोचलं की जागच्या जागी उलटं फिरतं,
शेपटाला टोचलं की मळसूत्रासारखं वळसे घेत सुटतं.
टोइव्हो म्हणायचा, "नुसतं जिवंत आहे लिहू नकोस.
पळावंसं वाटतंय का, तेही लिही."
त्याचे वडील खाली गोदीवर
बोटींत कच्चं लोखंड भरायचे.
त्या बोटींखाली वर्षानुवर्षं जे साचलं
ते आता बरण्यांतून आमच्याकडे येतं,
लेबल लावून: नदी, खोली, तारीख.

रीत साधी. काही भांड्यांत तो गाळ,
काही भांड्यांत धुतलेली पांढरी वाळू, तुलनेसाठी.
वरून सगळ्यांना एकच पाणी.
प्रत्येकी दहा, अठ्ठावीस दिवस,
मग चाळणीवर ओतायचं आणि मोजायचं.
मोजणंच काय ते अवघड:
हे तुटतात, आणि तुटल्या तुकड्याला
नवं डोकं फुटतं. दहाचे चौदा होतात.
आई कोण, लेक कोण,
रजिस्टरात तसा रकाना नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी चाळणी धरली
तर वाळूतली सगळी मेलेली.
तीन वेळा धुतलेल्या, निर्दोष वाळूतली.
फिकट, बोट लावलं की विरणारी.
आणि डांबराचा वास मारणाऱ्या त्या काळ्या गाळातून
चौदा निघाले.
पुढच्या भांड्यातून तेरा. पुन्हा चौदा.

नियम आहे: तुलनेचा गट मेला तर चाचणी रद्द.

दोन दिवसांनी उलगडलं.
नाताळच्या सुट्टीत प्लंबर येऊन
नळाला नवी नळी जोडून गेला होता, तांब्याची,
घासून ठेवलेल्या समईसारखी लखलखीत.
वाळूला काही धरून ठेवता येत नाही.
गाळानं मात्र तांबं पोटात घातलं,
आपले बाकीचे अपराध घातले तसं.

टोइव्होला फोन केला. तो खोकला येईपर्यंत हसला,
मग म्हणाला, "म्हणजे गाळ चांगला,
असं लिहून बसशील हं."
नाही लिहिलं.

घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत माझा तांब्या,
रात्रीच भरून ठेवलेला.
वहिनीनं निघताना बॅगेत कोंबला होता:
सकाळी अनशापोटी पी, पोट साफ, कांती नितळ.
माणसाचं माप वेगळं, मला कळतं,
तेवढं शिकले आहे मी.
तरी पेला हातात घेऊन जरा वेळ उभी राहिले.
बाहेर बर्फ ओढणारी गाडी चढ चढत होती.
प्यायले.
तुरट लागलं, का मीच लावून घेतलं.

सोमवारी नवी नळी, प्लास्टिकची, कुरूप.
नवं पाणी, तोच गाळ, तीच वाळू,
ताजी गांडुळं, मोजून दहा.
भांडं क्रमांक सात: शेवटचं एक
पिपेटच्या तोंडाशीच तुटलं.
दोन्ही तुकडे वळवळत खाली गेले
आणि वाळूत शिरले.

पेन्सिल हातात आहे.
दहा लिहू, की अकरा?